चिमणीचे दार

मराठी घरात जन्मलेल्या मुलाला पहिली गोष्ट कोणती सांगतात? या प्रश्नाला फार डोके खाजवावे लागत नाही. चिमणी आणि कावळा. एकीचे घर मेणाचे, दुसऱ्याचे शेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दारावर टकटक करतो. आतून उत्तर येते की थांब, बाळाला न्हाऊ घालते आहे. मग बाळाला पुसायचे असते, मग काजळ, मग तीट, मग झबले, मग झोपवायचे असते... कावळा बाहेर भिजत राहतो.

गोष्ट एवढीच. सांगायला दोन-तीन मिनिटे पुरतात. अद्भुतकथा म्हटली की आपल्याला अरबी सुरस कथा आठवतात, अँडरसन आठवतो, आरशापलीकडे जाणारी ॲलिस आठवते. पण अद्भुत म्हणजे तरी काय? पाखरे बोलतात, मेणाला भिंती-दारे फुटतात, चिमणीच्या घरात काजळाची डबी असते. चिमणी मेणाचे घर बांधत नाही आणि कावळा शेणाचे. आपली साधी चिमणी वळचणीला, फोटोच्या मागे, कौलाच्या फटीत काड्या-पिसे-चिंध्या कोंबते. कावळा उंच झाडावर काटक्यांचे ओबडधोबड घरटे करतो, त्यात तारेचे तुकडेही खोचतो. हे रोज डोळ्यांसमोर असूनही ज्या कुणी पहिल्यांदा मेण आणि शेण समोरासमोर ठेवले, त्याच्या (की तिच्या?) कल्पनाशक्तीला मी मनोमन नमस्कार करते.

ही गोष्ट किती जुनी असेल? आमच्या आजीला तिच्या आजीने सांगितली, एवढे बहुतेक घरांत ठाऊक असते. पण याहून भक्कम पुरावा आहे, आणि तो मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पानांत आहे. म्हाइंभटांचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ इ. स. १२७८च्या सुमाराचा मानतात. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या शिष्यांना विचारून विचारून म्हाइंभटांनी गोळा केल्या. त्या आठवणींत ही मेणाच्या आणि शेणाच्या घराची गोष्ट आहे! म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या आधीपासून ती लोकांच्या तोंडी होती. तत्त्वज्ञान सांगणारा एक संन्यासी पुरुष लहानांची गोष्ट सांगतो, आणि त्याचे शिष्य ती टाकाऊ न मानता जपून ठेवतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

महानुभाव पंथाची ही वृत्तीच होती. चक्रधरांनी स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना आपल्या मार्गात घेतले. त्यांच्यानंतर नागदेवाचार्यांनी पंडित शिष्यांना संस्कृतात ग्रंथ लिहू नका असे बजावले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. म्हाताऱ्यांची भाषा सांभाळणाऱ्या पंथाकडे म्हाताऱ्यांची गोष्ट सांभाळली गेली, यात नवल नाही.

आमच्या खानदेशात महानुभाव पंथ गावोगाव आहे. भडगाव तालुक्यातले कनाशी हे त्यांचे क्षेत्र. पण या पंथाचे ग्रंथ बाहेरच्या माणसांना शतकानुशतके वाचता येत नव्हते. पंथीयांनी ते सांकेतिक लिपीत लिहून ठेवले होते. त्यातली ‘सकळ’ लिपी उलगडली ती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. हेच राजवाडे अखेरच्या काळात धुळ्याला राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले. त्यांच्या कागदपत्रांसाठी १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. लिपीची किल्ली सापडल्यावर एकेक ग्रंथ बाहेर येऊ लागला. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र छापले, वि. भि. कोलते यांची मोठी प्रत १९७८ मध्ये आली.

गंमत पाहा. विद्वानांना ज्या ग्रंथाचे दार उघडायला इतकी शतके लागली, त्यातली ही एक गोष्ट मात्र सगळा वेळ बाहेरच फिरत होती. तिला लिपी नको होती. ती पाटावर बसलेल्या बाळाच्या कानात पडत होती.

ती टिकली कशी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तात्पर्यामुळे ती टिकली असे मला वाटत नाही. तात्पर्याच्या गोष्टी इसापनीतीत ढीगभर आहेत, आणि पोरे त्या परीक्षेपुरत्या लक्षात ठेवतात. या गोष्टीचे मर्म चिमणीच्या त्या ‘थांब’मध्ये आहे. नीट ऐका. चिमणी जी कामे सांगते तीच कामे गोष्ट सांगणारी बाई त्या क्षणी करत असते. बाळ पायांवर पालथे आहे, पाणी घातले जाते आहे आणि तोंडाने गोष्ट चालू आहे. पुसताना गोष्टीतली चिमणी पुसते, काजळ घालताना चिमणी काजळ घालते. शेवटी बाळ झोपते आणि गोष्टही संपते. बाळाला वाटते ही आपलीच गोष्ट. तेच तर ते चिमणीचे पिल्लू! जोवर घरात बाळे न्हाऊ घातली जातील तोवर या गोष्टीला मरण नाही. पुस्तकावाचून शेकडो वर्षे जगण्याचे याहून चांगले साधन कोणते?

आता प्रतीकांकडे वळू. शाळेत शिकवतात तो अर्थ सरळ आहे. चिमणी कष्टाळू, टापटिपीची, दूरदर्शी. कावळा आळशी, घाणेरडा. त्याने पक्के घर बांधले नाही, म्हणून तो भिजला. इंग्रजीत तीन डुकरांची गोष्ट आहे (जोसेफ जेकब्जच्या १८९० च्या संग्रहात ती आहे), तिचाही अर्थ असाच लावतात. गवताचे घर, काटक्यांचे घर, विटांचे घर. ज्याने विटा रचल्या तो वाचला. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात लांडगा आणि सात करडांची गोष्ट आहे, त्यातही दारावर टकटक होते.

पण एक मोठा फरक आहे. त्या गोष्टींत दाराबाहेर लांडगा असतो आणि तो खायला आलेला असतो. तिथे दार न उघडणे हाच शहाणपणा. आपल्या गोष्टीत दाराबाहेर शेजारी आहे. त्याचे घर वाहून गेले आहे आणि तो आसरा मागतो आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न जास्त अवघड आहे. शत्रूला दार लावायला कुणालाही शिकवता येते. शेजाऱ्याचे काय करायचे?

पंचतंत्रातही पावसात भिजलेला एक पाहुणा आहे. तिथे झाडावर माकड कुडकुडत असते, आणि घरट्यात कोरडे बसलेले पाखरू त्याला उपदेश करते की तुला हात आहेत, घर का नाही बांधलेस? माकड चिडून ते घरटेच मोडून टाकते. तात्पर्य, मूर्खाला उपदेश करू नये. मला मात्र वाटते की भिजणाऱ्याला उपदेश करू नये, हे तात्पर्य अधिक बरे झाले असते!

मेण आणि शेण ही दोन द्रव्येही नीट पाहण्यासारखी आहेत. आमच्या खानदेशातली जुनी घरे धाब्याची. मातीच्या भिंती, लाकडी सरे, वर मातीचे सपाट छत. पावसाळ्याच्या आधी धाब्यावर नवी माती टाकायची, तरी दोन-चार ठिकाणी गळायचेच, आणि खाली पातेली ठेवायची. जमीन शेणाने सारवलेली. अंगणात शेणाचा सडा. चूल पेटायची ती शेणाच्या गोवऱ्यांवर. म्हणजे आम्ही सगळेच थोडेफार शेणाच्या घरात वाढलो. मग शेण हे आळसाचे प्रतीक कधीपासून झाले? पाच मुले आणि पोटापुरती मजुरी असलेल्या माणसाने मेण आणायचे कुठून? गोष्टीत कावळ्याने शेण का वापरले हे कुणी विचारत नाही. त्याला दुसरे काही मिळत होते का, हेही विचारत नाही.

मी प्राथमिक शाळेत बरीच वर्षे शिकवले, आधी धुळे जिल्ह्यात आणि मग जळगाव जिल्ह्यात. एका वर्षी ऐन मार्च-एप्रिलात, सकाळच्या शाळेत ही गोष्ट निघाली. बाहेर ऊन मी म्हणत होते. आमच्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जाणे काही नवे नाही. गोष्ट संपली तसे मागच्या बाकावरचे एक पोर म्हणाले, “बाई, मग उन्हायात चिमनीचं घर पघयीन ना?” (आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. कावळा तो कावया, आणि उन्हाळा तो उन्हाया.)

वर्ग हसला. मीही हसले. पण त्या पोराने इतक्या वर्षांची गोष्ट एका वाक्यात उलटी करून ठेवली होती. खरेच की! पावसात शेण वाहून जाते, तसे उन्हात मेण मऊ पडते. आणि उन्हाळ्यात गार घर कुणाचे? शेणामातीचे. गोष्ट आषाढातच थांबते म्हणून चिमणी शहाणी ठरते. तीच गोष्ट वैशाखापर्यंत नेली तर चिमणी पिल्लाला घेऊन कावळ्याच्या दारात उभी राहील, आणि मग थांब म्हणायची पाळी कावळ्याची.

मी मुलांना सांगितले, पुढची गोष्ट तुम्ही लिहून आणा. बहुतेकांनी कावळ्याला सूड घ्यायला लावला. तेही आत एकेक काम काढत राहिले आणि चिमणी उन्हात. थोड्यांनी कावळ्याला दार उघडायला लावले. एका मुलीने मात्र वेगळेच लिहिले. तिची चिमणी पहिल्या पावसातच दार उघडणार होती, पण घरात ती एकटी होती, बाळ लहान होते आणि बाहेर अंधार होता. चिमणा कुठे गेला होता ते कुणालाच माहीत नव्हते.

ही बाजूही खोटी नाही. म्हणून चिमणीला सरसकट कठोर ठरवायला माझे मन धजत नाही. एकट्या बाईने रात्री दार उघडावे की नाही, हे बाहेरच्याने सांगणे सोपे असते. तिची ती कामेही खरीच आहेत. दिवसभर बाईच्या हाताला उसंत कुठे असते? बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आमच्या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांनी सुगरणीच्या खोप्यावर जी कविता रचली तिच्यात पाखराचे घर पिलासाठी असते, पाखराच्या चोचीएवढ्या हत्याराने ते विणलेले असते. चिमणीचे मेणाचे घरही तसेच. तिने दार घट्ट लावले ते पिलासाठी. पिलाच्या काळजीतून दार लागते, आणि त्याच दाराबाहेर दुसरे कुणी भिजते. ही गोष्ट आपल्या मनातून जात नाही ती यामुळेच, असे मला वाटते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

म्हणूनच असेल, या गोष्टीला एकच शेवट नाही. कुठे कावळा भिजून निघून जातो. कुठे चिमणी शेवटी दार उघडते, कावळ्याला चुलीपाशी ऊब घ्यायला बसवते, आणि त्याला चटका बसतो तेव्हा मुले टाळ्या पिटतात. कुठे तो रात्री कोपऱ्यात बसून चिमणीचे धान्य फस्त करतो, म्हणजे दार उघडलेच चुकले असे ठरते. प्रत्येक घर आपापला शेवट सांगते. कोणता शेवट सांगतो, त्यावरून ते घर कळते असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

आणि कावळ्याची गंमत तर आणखीच. बाळपणी ज्याला आपण दाराबाहेर ठेवतो, त्याचीच आपण मरणानंतर वाट पाहतो. दहाव्याला पिंड ठेवून माणसे तासन् तास आभाळाकडे बघत बसतात. आमच्याकडे आखाजीला आणि पितरपाटात घास काढून धाब्यावर ठेवतात आणि कावळ्याला हाका मारतात. तो आला की पितर जेवले. ज्याचे घर शेणाचे म्हणून हिणवले, त्याच्या चोचीतून आपले वाडवडील जेवतात! लोकांच्या मनात कावळ्याबद्दल काहीतरी ऋण शिल्लक आहे खास.

दाराच्या या विचाराशी मला आमच्या खानदेशातला एक माणूस नेहमी जोडलेला दिसतो. पांडुरंग सदाशिव साने. जन्म कोकणातल्या पालगडचा (१८९९), पण १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांचे ते सर्वस्व होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी अठरा प्रवचने दिली, ती टिपून घेतली साने गुरुजींनीच. मुलांसाठी त्यांनी किती गोष्टी लिहिल्या याची गणती करणे कठीण. याच माणसाने १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केले. मागणी एकच, विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना (तेव्हाचा शब्द) उघडा. त्याआधी महिनोन् महिने ते महाराष्ट्रभर हेच सांगत फिरले होते. दहा तारखेला उपोषण सुटले आणि पुढे ते दार उघडले.

शेकडो वर्षे जी माणसे त्या दाराबाहेर उभी होती, त्यांनाही आतून थांब हेच उत्तर मिळत होते. आज नको, अजून समाजाची तयारी नाही, आधी हे होऊ द्या, मग ते होऊ द्या. संत चोखामेळ्याची समाधी मंदिराच्या दाराबाहेर आहे, हे पंढरीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. नाही म्हणणे आणि थांब म्हणणे यांत थांब म्हणणे जास्त सभ्य दिसते, पण बाहेर भिजणाऱ्याला फरक पडत नाही. लहान मुलांच्या गोष्टीत हे सत्य इतक्या साधेपणाने आले आहे की मोठेपणी त्याकडे आपले लक्षच जात नाही.

अलीकडे या गोष्टीने एक वेगळेच वळण घेतले आहे. धाबी गेली, कौले गेली, सिमेंटचे स्लॅब आले. खिडक्यांना जाळ्या, एसीच्या भोकालाही बुच. चिमणीला घरटे करायला घरात फट उरली नाही. दळण निवडून अंगणात चाळणारी बाईही उरली नाही. शहरांतून चिमण्या कमी झाल्या असे पाहणारे सांगतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळतात. कावळ्याने मात्र शहराशी जुळवून घेतले. आता दाराबाहेर चिमणी आहे आणि आत आपण आहोत. आणि आपल्यालाही खूप कामे आहेत!

चिमणी दिनाला लाकडी खोकी टांगून फोटो काढतात, त्याला मी नावे ठेवत नाही. खोके टांगणे हेही दार किलकिले करणेच आहे. पण नातवंडांना मोबाईलवर चिमणीचे चित्र दाखवून ही गोष्ट सांगावी लागते तेव्हा मला वाटते, चिमणी नसलेल्या गावात ही गोष्ट किती दिवस तगेल? मोठमोठे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद झाले तरी ती जगली. बोलीभाषा बदलल्या, घरे बदलली, तरी ती जगली. आता तिला चिमणीच हवी आहे.

असो. वाचकहो, एक विनंती आहे. आज-उद्या कुठल्या बाळाला न्हाऊ घालताना किंवा झोपवताना ही गोष्ट सांगाल, तेव्हा टकटक झाल्यावर क्षणभर थांबा आणि त्या बाळालाच विचारा, “मग? उघडायचं का दार?” बहुतेक बाळे लगेच हो म्हणतात, हा माझा अनुभव आहे. नाही म्हणायला आपण त्यांना नंतर शिकवतो.